वस्ती क्रमांक तीन

सोनटाकळी नगरपरिषद, नेरखेड नगरपरिषद आणि जिल्हा यांच्यातला संयुक्त विकास आराखड्याच्या हद्दीचा वाद १७ जून २०४३ रोजी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी एकमताने मिटला. तिन्ही बाजूंच्या सह्या झाल्या, पेढे वाटले गेले, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा दोन्ही गावांचे नगराध्यक्ष एकाच सोफ्यावर बसले.

आता हे विसरा. वाद मिटलेला नाही. सह्या झालेल्या नाहीत. पेढे तर कुणी पाहिलेसुद्धा नाहीत. नगररचना कार्यालयातला रचना सहायक सुमेध वाकोडे, वय एकोणतीस, गेले आठ महिने रोज सकाळी दात घासताना असंच धरून चालतो. साधारण चूळ भरेपर्यंत त्याला ते जमतं.

तर अजून काहीच झालेलं नाही.

दोन गावांच्या मधोमध अकराशे हेक्टरांचा काळ्या मातीचा पट्टा होता. सरकारी गायरान, थोडी बाभूळ, मधून जाणारा एक डांबरी रस्ता. या पट्ट्याबद्दल दोन्ही गावांची भूमिका पहिल्यापासून स्वच्छ होती. कॉलेजची गोष्ट निघाली की जमीन आमची, कचरा डेपोची निघाली की त्यांची. जिल्ह्याला फक्त एक असा नकाशा हवा होता, ज्यावर दोन्ही गावांची सही असेल. असे अकरा नकाशे झाले. अकराच्या अकरा नकाशांवर एकेकच सही होती.

मग डबा आला.

त्याचं कागदावरचं नाव भूवापर-स्मृतिमापक. दिसायला चार पुडांच्या जेवणाच्या डब्यासारखा, म्हणून सगळे त्याला डबाच म्हणत. आत माती घालायची. त्या मातीवर कोण वावरलं, ते तो सांगायचा.

यात जादू काही नव्हती. माणूस दिवसभर आपल्या कातडीच्या कोट्यवधी पेशी झाडत हिंडत असतो. त्या पेशींतला डीएनए उघड्यावर लवकर नासतो. पण चिकणमातीच्या कणाला चिकटला तर वर्षानुवर्षं टिकतो. खरं तर दोघांवरही ऋण विद्युतभार, त्यामुळे त्यांनी एकमेकांना ढकलून द्यायला हवं. पण काळ्या मातीत चुनखडी भरपूर, म्हणजे कॅल्शियम भरपूर, आणि कॅल्शियमवर धन भार. तो मध्ये बसतो आणि दोन्हीकडचे हात धरून ठेवतो. दोन भांडखोर नगरपरिषदांच्या मध्ये जिल्हाधिकारी बसतात तसा. फरक इतकाच की कॅल्शियमची बदली होत नाही.

राहिला प्रश्न, माणूस कुठल्या गावचा हे कसं कळणार. ते पाण्यावरून. प्रत्येक गावाच्या नळाच्या पाइपात सूक्ष्मजीवांचा आपापला थर साठलेला असतो. ते पाणी पिणाऱ्याच्या पोटात आणि अंगावर त्याच गोतावळ्याचे जंतू नांदतात. सोनटाकळी धरणाचं पाणी पिते, नेरखेड नदीवरच्या बंधाऱ्याचं. डबा दोन्ही गोतावळे ओळखायचा.

संयुक्त नियोजन समितीने ठराव केला: पट्ट्यात दोनशे बारा ठिकाणी माती तपासायची, डबा सांगेल ती हद्द, आणि निकालानंतर पट्ट्याच्या रहिवाशांखेरीज कुणालाही हरकत घेता येणार नाही. पट्ट्यात रहिवासी कुणी नव्हतंच. निदान समितीची तशी समजूत होती.

दोनशे बारा ठिकाणची माती आणायचं काम सुमेधकडे आलं. मे महिन्यात.

पहिले नऊ नमुने त्याने इमानदारीने घेतले. वीतभर खोल खणायचं, नळीत माती भरायची, झाकण लावायचं, यंत्रावर ठिकाण नोंदवायचं. नववा झाला तेव्हा अकरा वाजले होते, पारा शेहेचाळीसवर होता आणि सुमेधला समोरचं बाभळीचं झाड दोन दिसत होतं. तो रस्त्यावरच्या एकमेव सावलीत शिरला. तिथे कडुलिंबाखाली देवकाबाई शेगोकार यांची चहाची टपरी होती, मागे त्यांची पत्र्याची खोली आणि बाजूला हापशी. साठीच्या देवकाबाई सव्वीस वर्षं तिथेच राहत आणि चहा विकत होत्या.

"काय राजा, उन्हात मराले आला काय?" देवकाबाईंनी ओला पंचा त्याच्या डोक्यावर टाकला. "बस. कायचा सर्वे हाय या खेपी?"

"मातीचा, मावशी."

"माती बी मोजू लागले? बाप्पा!"

या प्रश्नामागे इतिहास होता. देवकाबाईंच्या टपरीचं लाकडी बाकडं हे जिल्ह्यातलं सर्वांत जुनं सर्वेक्षण केंद्र होतं. त्या बाकड्यावर बसून सरकारी माणसांनी या भागातली ढोरं मोजली होती, विहिरी मोजल्या होत्या, झाडं मोजली होती आणि एकदा माणसंही. दोन कप चहात आख्खा तालुका भरून व्हायचा. आकडे देवकाबाई सांगत आणि ते सहसा बरोबर निघत. सुमेधला कामाला लागल्यावर पहिल्या आठवड्यात सर्वेक्षण शिकवलं गेलं, ते याच बाकड्यावर. त्यामुळे आपण काही चुकीचं करतो आहोत असं त्याला वाटायला वावच नव्हता. त्याला फक्त वाटलं की आपण सावलीत काम करतो आहोत.

यंत्रावर 'नेटवर्क नाही' असं एक बटण होतं. ते दाबलं की ठिकाण हाताने टाकता येई. सुमेधने ते दाबलं.

"मावशी, खणायला काही आहे का? माझी खुरपी फार तापली."

"चमचा घे. साखरेचा नको, चहापत्तीचा घे."

उरलेल्या दोनशे तीन नळ्या त्याने चहापत्तीच्या चमच्याने कडुलिंबाभोवतीच्या वीस पावलांत भरल्या. काळी माती काय, सगळीकडे काळीच. साडेतीनला काम संपलं. देवकाबाईंनी नळ्या मोजून दिल्या, कारण मोजण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे.

१७ जूनला समितीची बैठक भरली. सोनटाकळीचे नगराध्यक्ष पुरुषोत्तम काबरा एका बाजूला, नेरखेडच्या नगराध्यक्षा नसरीन देशमुख दुसऱ्या बाजूला, मध्ये जिल्ह्यातर्फे नगररचनाकार हिवराळे मॅडम. सुमेध पडदा आणि नकाशा सांभाळायला होता. मॅडमनी निकाल वाचला.

"दोनशे बारापैकी दोनशे तीन ठिकाणी मुख्य वापर सोनटाकळीचा नाही."

नेरखेडच्या बाजूने टाळ्या पडल्या.

"नेरखेडचाही नाही."

सोनटाकळीच्या बाजूने टाळ्या पडल्या.

"तिथे तिसराच पाणवठा पिणारी स्वतंत्र वस्ती आहे. सलग वापर, किमान पंचवीस वर्षं. विस्तार, जवळजवळ आख्खा पट्टा. लोकसंख्या..." मॅडम थांबल्या, चष्मा काढला, पुन्हा घातला. "एक."

सुमेधच्या डोळ्यांपुढे सव्वीस वर्षं कपबशा विसळून झाडाबुडी फेकलेलं हापशीचं पाणी आलं. रोज दोनदा फिरणारा खराटा आला. चमचा आला. गिऱ्हाईक दोन्ही गावांचं सारखंच यायचं, म्हणजे ते एकमेकांत फिटलं असणार. उरल्या फक्त देवकाबाई, अकराशे हेक्टरभर पसरलेल्या.

त्याने हात वर केला. आयुष्यात एवढा जड हात त्याने कधी उचलला नव्हता.

"काय, वाकोडे?"

सगळी खोली त्याच्याकडे बघत होती.

"एसी कमी करू का, मॅडम?"

"करा."

त्याने एसी कमी केला.

काबराशेठ नकाशाकडे बघत होते. "म्हणजे नेरखेडला नाही मिळाली."

"तुम्हालापण नाही मिळाली, काबराशेठ," नसरीनताई म्हणाल्या.

दोघांच्याही चेहऱ्यावर हळूहळू एक समाधान उमटलं. त्या खोलीत ते बावीस वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं.

"मग कचरा डेपो?" काबराशेठांनी विचारलं.

"तिसऱ्या वस्तीत," नसरीनताई म्हणाल्या.

"सांडपाण्याचा प्रकल्प?"

"तिसऱ्या वस्तीत."

"कॉलेजचं पुढे बघू."

"पुढे बघू, भाईजान."

अकरा चाळीसला सगळं एकमताने ठरलं. फक्त तिसऱ्या वस्तीची, म्हणजे देवकाबाईंची, सही राहिली होती, आणि ती आणायला त्यांच्या ओळखीचा माणूस हवा म्हणून सुमेधला गाडी देण्यात आली.

देवकाबाई आलं कुटत होत्या. गाडी बघून त्यांनी पदराला हात पुसले.

"सायबाची गाडी घेऊन आला? मोठा झाला लेका!"

"मावशी, इथे एक सही लागते."

"माही?" त्या हसल्या. "माही सही कोनाले पाहिजे? कायची हाय?"

सुमेधकडे या प्रश्नाचं उत्तर होतं. ते त्याच्या हातात होतं, चार पानी, ठळक अक्षरांत. ते सांगितलं असतं तर देवकाबाईंनी पुढचा प्रश्न विचारला असता, मग त्याने दुपार सांगितली असती, नळ्या सांगितल्या असत्या, आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या नोकरीची माती झाली असती.

"हजेरीची," तो म्हणाला. "बैठकीत तुमची हजेरी लागते."

"मी त गेलीच नाही."

"लागते तरी."

"तू म्हनतं त लागत असन." त्यांनी चहाचं भांडं खाली उतरवलं, बाकड्यावर कागद ठेवला आणि बारीक, वळणदार अक्षरांत पूर्ण नाव लिहिलं. मग कागद थोडा लांब धरून पाहिला. "चांगली आली न?"

"फार चांगली आली, मावशी."

दिवाळीआधी डेपो सुरू झाला. टपरीपासून तीनशे पावलांवर. दिवसाला बासष्ट टन. वारा पश्चिमेचा असला की नेरखेडला वास जात नसे आणि पूर्वेचा असला की सोनटाकळीला जात नसे. नकाशा अभ्यासपूर्ण होता. टपरीला मात्र वाऱ्याचा फरक पडत नव्हता. गिऱ्हाईक तुटलं. राहिले फक्त कचऱ्याचे ट्रकवाले, जे चहा पिताना नाकाला रुमाल लावत आणि घोटापुरता काढत. हापशीच्या पाण्याला पिवळी झाक आली. देवकाबाईंना खोकला लागला.

सुमेध दर रविवारी जायचा आणि चार चार कप चहा प्यायचा. पिवळ्या पाण्याचा. रुमाल न लावता. याने काही होत नव्हतं, पण न जाण्यानेही काही होत नव्हतं, आणि दोन्हींत जाणं जास्त वाईट लागायचं म्हणून तो जायचा.

आधी त्याने देवकाबाईंसाठी गावात खोली शोधायचा खटाटोप केला. सोनटाकळीत रहिवासी नोंदणीच्या बाईंनी नाव लिहून घेतलं, वस्ती क्रमांक बघितला आणि पेन खाली ठेवला. नियम असा निघाला की लोकसंख्या जिकडे जाईल तिकडे वस्ती जाईल, वस्ती जिकडे जाईल तिकडे डेपो. देवकाबाईंना नोंदवून घेणं म्हणजे वस्ती क्रमांक तीनची शंभर टक्के जनता आपल्या हद्दीत घेणं. नेरखेडमध्येही त्याला अत्यंत आदराने हेच सांगण्यात आलं, वर चहाही देण्यात आला. तो त्याला गेला नाही.

शेवटी फेब्रुवारीत तो हिवराळे मॅडमच्या केबिनमध्ये शिरला आणि दार लावून घेतलं.

"मॅडम, ते नमुने मी एकाच ठिकाणी घेतले. दोनशे तीन."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "कुठे?"

"टपरीवर."

"देवकाबाईंच्या?" मॅडम खिडकीकडे वळल्या. "मी नोकरीला लागले त्या वर्षी या जिल्ह्यातली झाडं मोजली. त्याच बाकड्यावर."

"मग?"

"मग काही नाही. मी मोजलेली झाडं होती तिथेच राहिली, वाकोडे. तुमचं नशीब वाईट. तुमच्या वेळी आकड्यावर कारवाई झाली."

"मला कबुली द्यायचीय. लेखी."

"कबुली म्हणजे आराखड्याला हरकत. हरकत फक्त रहिवाशाला घेता येते. तुम्ही रहिवासी नाही. तुमच्या कबुलीला आवक क्रमांक मिळणार नाही."

"मग देवकाबाई घेतील हरकत."

"त्यासाठी वस्तीच्या सभेचा ठराव लागतो."

"मग सभा बोलवू!"

मॅडमनी एक फाइल पुढे सरकवली. "झाली. मागच्या सोमवारी. सभेला पंधरा टक्के रहिवासी हजर लागतात. एकाचे पंधरा टक्के म्हणजे शून्य पूर्णांक पंधरा शतांश. माणूस अपूर्णांकात मोजत नाहीत, म्हणून पूर्णांक धरला. शून्य. शून्य रहिवासी हजर असले की सभा भरते. वेळेवर भरली. कुणीही उशिरा आलं नाही. डेपोच्या स्वागताचा ठराव एकमताने मंजूर झाला."

"पण हे... हे इतिवृत्त कुणी लिहिलं?"

मॅडमनी शेवटचं पान उघडलं. खाली सही होती. सुमेध वाकोडे, रचना सहायक. सोमवारी संध्याकाळी टेबलावर आलेल्या गठ्ठ्यात तो कागद होता. सुमेधने गठ्ठा तसाच सही करून दिला होता, एकही पान न वाचता, कारण त्याचं मन त्या वेळी देवकाबाईंच्या काळजीत होतं.

त्या रविवारी त्याने पहिला कप हातात घेतला, पण प्यायला नाही.

"मावशी, ती सही हजेरीची नव्हती."

देवकाबाई चहा गाळत होत्या. "मंग कायची होती?"

"डेपोला तुमची हरकत नाही, याची."

गाळणीतून थेंब पडत राहिले. मग त्याने सगळं सांगितलं. दुपार, नळ्या, डबा, हापशीचं पाणी, काबराशेठ, नसरीनताई, शून्य पूर्णांक पंधरा. देवकाबाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही, फक्त दोनदा खोकल्या.

"सोमवारी सभा झाली म्हनतं? मी त इथंच होती सोमवारी."

"तुमची गरज नव्हती, मावशी. गणसंख्या शून्य होती."

"अस्सं." त्यांनी गाळणी झटकली. "मी बैठकीत हजर होती म्हनून मले वाटलं, कुठीसा फोटो येईन. दोन दिस पेपर घेतला."

सुमेधने मान खाली घातली. खाली माती. तीच माती.

"मले एक सांग. त्या डब्यानं मले किती मोठं दाखवलं?"

"अकराशे हेक्टर."

"बाप्पा!" त्यांनी डोळ्यांवर हात धरून दूरवर पाहिलं. सोनटाकळीच्या टाकीपासून नेरखेडच्या टॉवरपर्यंत मान सावकाश फिरवली. "एवढं त मी कदी हिंडलीच नाही. हापशीवरून चुलीवर, चुलीवरून हापशीवर."

"मावशी, तुम्ही मला काही बोला. शिव्या द्या."

"काहून? तुले बरं वाटन म्हनून?"

त्याने कप दुसऱ्या हातात घेतला.

"पहिले सांगतलं असतं त चमचा देल्ला नसता," त्या म्हणाल्या, आणि हे त्या हसत बोलल्या की नाही, ते त्याला आजवर कळलेलं नाही. मग त्यांनी त्याच्या हातातला भरलेला कप काढून घेतला, चहा झाडाबुडी फेकला आणि कप विसळायला बाजूला ठेवला. "पुढच्या रविवारी नको येऊ, राजा. तू येतं, असं तोंड करून बसतं, चार कप पितं. मंग तू गेल्यावर मलेच तुहं वाईट वाटते. मले माह्या खोकल्याचं पाहाव लागते, पान्याचं पाहाव लागते. आनखी तुहं कुठं पाहत बसू?"

ट्रक आला. ड्रायव्हरने रुमाल बांधूनच हाक मारली. देवकाबाई उठल्या आणि त्यांनी तीन कप मांडले.

सुमेध परत आला आणि टेबलाशी बसून अर्ज लिहायला घेतला. रहिवासी नसलेल्या माणसाला वस्ती क्रमांक तीनविषयी हरकत घेता येत नाही, हे त्याला आता पाठ होतं. पण आपण राहतो त्या जागेवर डेपोचं आरक्षण मागायला नियमात मनाई नव्हती. तसं कुणी कधी मागितलंच नव्हतं. त्याने अर्ज चार वेळा वाचला. या नोकरीत पूर्ण वाचलेला हा त्याचा पहिला कागद.

*प्रति, मा. अध्यक्ष, संयुक्त नियोजन समिती.*

*विषय: कचरा डेपोचे आरक्षण बदलून मिळण्याबाबत.*

*महोदय, वस्ती क्रमांक तीन येथील कचरा डेपोचे आरक्षण उठवून ते अर्जदाराच्या राहत्या खोलीवर (दहा बाय बारा फूट, पहिला मजला, जिन्यालगत) टाकण्यात यावे. दररोजचा बासष्ट टन कचरा सामावून घेण्याइतकी खोलीची क्षमता नाही, याची अर्जदारास जाणीव आहे. तथापि सदर बाब अर्जदाराच्या अडचणीची असून समितीच्या अडचणीची नाही. खोलीस एकच खिडकी असून ती कायम बंद ठेवण्याची हमी देण्यात येते. घरमालकांकडे ना हरकत दाखला मागितला असता त्यांनी अर्जदारास डॉक्टरांकडे जाण्याची सूचना केली आहे. सूचनेची प्रत सोबत जोडली आहे. खोलीच्या एकूण लोकसंख्येची (एक) सभा आज रोजी घेण्यात आली. रहिवासी स्वतः हजर होता.*

*तरी, श्रीमती देवकाबाई शेगोकार यांच्या हापशीसमोरून जाणारे सर्व ट्रक उद्या सकाळपासून अर्जदाराच्या जिन्याकडे वळवण्यात यावेत, आणि पहिला ट्रक रिकामा होईपर्यंत अर्जदारास खोलीबाहेर पडण्याची परवानगी देण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.*